जागा पाहिजे : खेळासाठी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी लेख द्या, असे सर वर्गात सांगून गेले तेव्हा माझ्याजवळ विषय नव्हता असे नाही. विषय एकच होता, पण तो कॉलेजच्या छापील अंकात शोभेल की नाही, याची शंका होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अंकात लिहायचे म्हणजे संतवाङ्मयावर किंवा निसर्गावर लिहायचे, अशी माझी समजूत. मी ती शंका सरांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "जे तुला ठाऊक आहे आणि वर्गाला नाही, ते लिही." विचार केला तेव्हा तसे एकच निघाले. पाच-सहा जणांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळासाठी सर्व्हर कुठला घ्यावा, किती पैशाला घ्यावा आणि घेताना काय पाहावे, हे मला ठाऊक आहे. संगणकशास्त्राचा मी विद्यार्थी नाही. माझा विषय इतिहास. हे ज्ञान मी दोनदा तोंडावर पडून आणि घरची बोलणी खाऊन मिळवले आहे, एवढीच माझी पात्रता.

आमची वाडी जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती. होती म्हणतो, कारण ती पुनर्विकासात गेली. चाळीसेक खोल्या, मधे नळ, एक पिंपळ. नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याने राहायचे, असे ठरले आणि माणसे परवडेल तिकडे पांगली. कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी कळव्याला, कुणी अंबरनाथला, तर एक कुटुंब सरळ गावी संगमेश्वरला गेले. बाबांचा कारखाना अंधेरीच्या एम.आय.डी.सी.त असल्यामुळे आम्ही तेवढे जोगेश्वरीतच, मेघवाडीच्या बाजूला एका खोलीत राहिलो. एकाच ओट्यावर वाढलेल्या आम्हा सहा मित्रांची आडनावेच त्या वर्षी बदलली. आता आम्ही एकमेकांना विरारकर, कळवेकर, अंबरनाथकर अशीच हाक मारतो. मी अर्थातच जोगेश्वरीकर.

रोज रात्री नऊला आम्ही भेटतो ते माइनक्राफ्ट नावाच्या खेळात. प्राध्यापक मंडळींसाठी दोन शब्द सांगतो. हा खेळ स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ साली सुरू केला, नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो करणारी कंपनीच २५० कोटी डॉलरला विकत घेतली. यात माती, दगड, लाकूड यांचे चौकोनी ठोकळे असतात, ते फोडायचे आणि त्यांनी हवे ते बांधायचे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, असे मानतात. आम्ही त्या ठोकळ्यांनी आमची वाडी बांधायला घेतली. नळ, ओटे, पिंपळ, गणपतीचा मंडप, एवढेच नव्हे तर लेण्यांत उतरणाऱ्या पायऱ्याही. नळ तिसऱ्या खोलीसमोर होता की चौथ्या, यावर दोन रात्री भांडण झाले. शेवटी माझ्या आईने निकाल दिला. तीस वर्षे तिने त्या नळावर हंडे भरले होते, तिच्यापुढे कुणाचे काय चालणार? नालासोपारकराने आपल्या वडिलांचे शिलाईचे दुकान बांधले. त्याचे वडील वाडी पडण्याच्या आदल्या वर्षीच गेले. दुकानात कापडाचे तागे कुठल्या फळीवर असत, इस्त्री कुठे असे, सगळे त्याने आठवून आठवून मांडले होते.

आता प्रश्न असा, की ही वाडी आहे कुठे? माझ्या फोनमध्ये म्हणावे तर मी झोपल्यावरही विरारकर तिच्यात भिंत बांधत असतो. पुष्कळांची समजूत असते की खेळ आपल्या फोनमध्ये चालतो. एकट्याचा खेळ तसा चालतो, हे खरे. पण सहा जणांचा खेळ म्हणजे सहा ठिकाणी बसून एकच कॅरम खेळण्यासारखे आहे. प्रत्येकाने आपल्या घरी वेगळा बोर्ड मांडला आणि फोनवरून "मी राणी घेतली" असे ओरडून सांगितले, तर दहा मिनिटांत मारामारी होईल. त्यासाठी एकच बोर्ड खरा मानावा लागतो. प्रत्येकाने आपली खेळी तिथे कळवायची, तिथला माणूस सोंगटी कुठे गेली ते ठरवणार आणि सहाही जणांना सांगणार. हा खरा बोर्ड आणि तो सांभाळणारा माणूस, दोन्ही मिळून जे होते ते सर्व्हर. आपल्या फोनवर दिसते ती केवळ त्या बोर्डाची बातमी. कल्पना काही नवी नाही. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ पासून विद्यापीठाच्या संगणकावर असाच, अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ शब्दांचा खेळ रचला होता. तेव्हाही बोर्ड एकच होता.

हा बोर्ड सांभाळणारा माणूस फार घाईत असतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळ्या जगाचा हिशोब करतो. कोण कुठे आहे, पाणी कुठे वाहिले, गाय कुठे गेली, हे सगळे पन्नास मिलिसेकंदांत उरकायचे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात उरकले नाही की खेळ अडखळू लागतो. माइनक्राफ्ट तरी सावकाश म्हणायचा. गोळीबाराच्या व्हॅलोरंट या खेळाचा सर्व्हर हाच हिशोब सेकंदाला १२८ वेळा करतो, म्हणजे एका फेरीला जेमतेम आठ मिलिसेकंद. म्हणून कुठला खेळ, हे आधी पाहावे आणि मग सर्व्हर. बैलगाडीसाठी कुणी एक्स्प्रेस हायवेचा टोल भरत नाही.

पहिला प्रयोग आम्ही घरीच केला. सर्व्हरची आज्ञावली खेळ करणारी कंपनी फुकट देते, त्यामुळे मावसभावाचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि खाटेखाली ठेवून चालू केला. पहिली अडचण आईची. रात्री झोपताना सगळी बटणे बंद करायची तिची सवय. विजेच्या बिलाकडे बोट दाखवून तिने मला गप्प केले आणि वाडी दर रात्री अकराला अंधारात जाऊ लागली. दुसरी अडचण जास्त चमत्कारिक होती. मी घरातल्या घरात खेळू शके, पण बाहेरून एकालाही आत येता येईना. त्याचे कारण समजायला मला आठवडा लागला.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते मोजून सुमारे ४२९ कोटी, आणि आशियाच्या वाट्याचा शिल्लक साठा २०११ सालीच आटला. म्हणून बऱ्याच कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. आपल्या आईवडिलांना आठवत असेल, पूर्वी साऱ्या चाळीला मिळून वाण्याच्या दुकानात एक टेलिफोन असे. आपण तिथून बाहेर फोन लावू शकत होतो, पण बाहेरून आलेला फोन नेमका कुणाचा, हे वाण्याला कळायला हवे. नाही कळले, तर तो ठेवून देणार. आमच्या लॅपटॉपचे तेच झाले होते. मित्रांचे निरोप वाण्यापर्यंत येत होते आणि तिथेच राहत होते. कंपनीकडून महिना जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो. नव्या पद्धतीचे पत्तेही आहेत, ते मुबलक आहेत, पण ते सहाही जणांकडे चालायला हवेत, आणि आमच्याकडे ते चालत नव्हते. घरचा सर्व्हर सोडून दिला.

दुसरा प्रयोग फुकट जागेचा. अशा कंपन्या आहेत, त्या जाहिराती दाखवतात आणि सर्व्हर मोफत चालवू देतात. कुणी खेळायला नसेल तेव्हा सर्व्हर झोपवतात. पुन्हा उठवायचा तर रांगेत उभे राहा. सात-आठ महिने आम्ही असे काढले आणि मला त्याविषयी तक्रार नव्हती. वाडीचा बहुतेक भाग तिथेच बांधून झाला. मग परीक्षा आल्या. महिनाभर कुणी फिरकले नाही. परीक्षा संपल्या त्या रात्री आत गेलो तर सर्व्हर नाही आणि वाडीही नाही. इतके दिवस कुणी वापरला नाही तर सर्व काही पुसले जाईल, असे त्यांच्या अटींत लिहिले होते. इशाऱ्याचे पत्र ज्या ई-मेलवर आले, तो आमच्यापैकी कुणीच उघडत नव्हता. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण चूक अर्धी तरी आमचीच. विरारकराच्या पेनड्राइव्हवर गणपतीच्या आधीची एक नक्कल सापडली. तिच्यात नळ होता, पिंपळ होता. शिलाईचे दुकान नव्हते, ते नंतरचे. नालासोपारकर त्या रात्री काही बोलला नाही. पुढे महिनाभर आलाच नाही.

त्यानंतर मी पैसे भरून जागा घ्यायचे ठरवले आणि बाबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना सर्व्हर, मेमरी यातले काही कळत नाही. ते म्हणाले, "म्हणजे खोली भाड्याने घ्यायची, असंच ना? मग खोली बघतात तशी बघ. कामावर जायला किती वेळ लागतो, पाणी किती येतं, शेजारी कसे आहेत, आणि मालकाने उद्या उठ म्हटलं तर सामान नेऊ देतो का. भाडं शेवटी विचार." एका वर्षात तीन खोल्या बदललेला माणूस बोलत होता. त्यानंतर मी इंटरनेटवर पुष्कळ वाचले, पण सर्व्हर निवडण्याविषयी याहून नेमके कुणी सांगितलेले मला आढळले नाही.

कामावर जायला किती वेळ लागतो, हा पहिला प्रश्न. निरोप फोनवरून सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात आणि खेळणारी मुले त्याला पिंग म्हणतात. निरोप काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने जातो. प्रकाशाचा मोकळा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, पण काचेत तो सुमारे दोन लाखच उरतो. त्यामुळे दर हजार किलोमीटर अंतराला जाऊन येऊन किमान दहा मिलिसेकंद जातात, आणि यात जगातली कुठलीही कंपनी सवलत देऊ शकत नाही. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे ३९ मिलिसेकंद तर नुसत्या प्रकाशाचेच. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते आणि वाटेत यंत्रे असतात, म्हणून प्रत्यक्षात साठ-सत्तर. युरोपातला सर्व्हर घेतला तर शंभराच्या वर. जाहिरातीत "अतिवेगवान" लिहिले असेल तरी ते यंत्राविषयी असते, अंतराविषयी नव्हे.

या बाबतीत आपण जोगेश्वरीकर मात्र भाग्यवान. समुद्राखालून येणाऱ्या केबलींपैकी कित्येक आपल्या शेजारच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. २०२२ च्या अखेरीस देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबली होत्या आणि त्या मुंबई, चेन्नई, कोचीन, तुतिकोरिन आणि त्रिवेंद्रम एवढ्याच शहरांत उतरत होत्या. परदेशी सर्व्हर घेतला तर या केबलींवर भिस्त ठेवावी लागते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तुटल्या, आणि दोन्ही वेळा त्याचा फटका भारताला बसला. पण आता परदेशी जायचे कारण राहिलेले नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली संगणक केंद्रे उघडली, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत, गूगलने २०१७ साली मुंबईत. व्हॅलोरंटचे सर्व्हर २०२० साली मुंबईत आले. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने बसमधून जाताना चांदिवलीचा फाटा लागतो. तिथेही अशी केंद्रे आहेत, तशीच ऐरोली, महापे, रबाळे इथेही. बाहेरून पाहाल तर गोदाम वाटेल, खिडक्या नाहीत, आणि आत हजारोंची खेळाची मैदाने.

सर्व्हरची जागा हा सरकारदरबारचाही विषय झालेला आहे. पबजी मोबाइल या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. त्याचा भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय, २ जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ मध्ये तोही दुकानातून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. तो परत येताना, सर्व्हर कुठे आहेत आणि माहिती सुरक्षित आहे का, या बाबींची पूर्तता केल्यावर तीन महिन्यांसाठी परवानगी देत आहोत, असे केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केले होते. लाखो मुले खेळत असलेला खेळ यंत्रे कुठल्या देशात आहेत या प्रश्नावर अडतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

तर मुंबईतला सर्व्हर घेतला की काम झाले, असे मलाही वाटले होते. पण आधी फसल्यामुळे या खेपेस मोजून पाहायचे ठरवले. बहुतेक कंपन्या तपासणीसाठी एक पत्ता देतात. आम्ही सहाही जणांनी तीन रात्री, नऊ ते दहा या वेळात, तीन कंपन्यांच्या पत्त्यांवर मोजणी केली. वेळ मुद्दाम तीच घेतली, कारण दुपारी तीनला सगळेच रस्ते मोकळे असतात. सिंगापूरच्या कंपनीचे आकडे माझ्याकडे ६८, विरारकराकडे ७४, अंबरनाथकराकडे ७२. मुंबईतल्या पहिल्या कंपनीचे माझ्याकडे ८, विरारकराकडे १४, आणि अंबरनाथकराकडे १३२! अंबरनाथहून मुंबईला यायला सिंगापूरपेक्षा जास्त वेळ? निरोपाचा मार्ग टप्प्याटप्प्याने दाखवणारी एक सोय असते, ती लावून पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्याच्या केबलवाल्याचा निरोप खरोखरच आधी सिंगापूरला जात होता आणि तिथून वळसा घेऊन मुंबईला परत येत होता.

हे समजायला जोगेश्वरी स्टेशनचेच उदाहरण घ्या. पूर्वेच्या दुकानातून पश्चिमेचे दुकान डोळ्यांना दिसते, हाक मारली तर ऐकू येईल. पण मधे रुळ. पूल जिथे असेल तिथूनच जावे लागते. इंटरनेट कंपन्यांचेही तसेच. दोन कंपन्या एकमेकींना जिथे जोडलेल्या असतील तिथूनच निरोप जाणार. देशातला निरोप देशातच अदलाबदल व्हावा म्हणून २००३ साली निक्सी नावाची संस्था स्थापन झाली, मुंबईत इतरही अशी अदलाबदलीची ठिकाणे आहेत, पण प्रत्येक कंपनी प्रत्येक ठिकाणी जोडलेली असतेच असे नाही. मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीवर अंबरनाथकराचा आकडा १९ आला. माझा ८ चा ९ झाला, विरारकराचा १४ चा १५. आम्ही ती दुसरी कंपनी घेतली. सगळ्यात चांगला आकडा कुणाचा, हे पाहायचे नसते. सगळ्यात वाईट कुणाचा, ते पाहायचे. संगमेश्वरकर मोबाइलच्या नेटवर खेळतो, त्याचा आकडा ५० ते ११० असा नाचत राहतो, आणि त्याला कुठलीच कंपनी काही करू शकत नाही. तो म्हणतो, "भिंत बांधायला काय लागतं रे, लढाईला बोलावू नका म्हणजे झालं." ते खरे आहे. बांधकामाला शंभर मिलिसेकंद जाणवतही नाहीत.

पाणी आणि शेजारी हे प्रश्न एकत्रच घेतो. आपण जो सर्व्हर घेतो तो बहुधा अख्खे यंत्र नसतो. एका मोठ्या यंत्राचे आभासी तुकडे पाडून ते वेगवेगळ्या भाडेकरूंना देतात. कागदावर तुमच्या वाट्याला दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी. मेमरी सहसा खरोखर तुमची असते. प्रोसेसर मात्र वाडीतल्या नळासारखा. सकाळी सहाला शेजाऱ्याने पंप लावला की तुमच्या हंड्यात थेंब. मालक एकाच नळावर किती खोल्या चढवतो, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. यावर उपाय म्हणजे वर्षाचे पैसे एकदम न भरता एक महिना राहून पाहणे. वर्षाला निम्मी सूट दाखवतात, मोह होतो, पण तो आवरावा. आम्ही पहिला आठवडा रात्री खेळाची चाल वीसच्या खाली येते का, हे वहीत लिहून ठेवत होतो.

या खेळाची एक खोड सांगून ठेवतो. जगाचा मुख्य हिशोब बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालतो. त्यामुळे आठ मंद गाभ्यांपेक्षा दोन चपळ गाभे बरे. लग्नात वाढपी आठ असले तरी भाजीला फोडणी एकच आचारी देतो, त्यातला प्रकार. आम्हा सहा जणांना दोन-चार जीबी मेमरी पुरते. "बत्तीस जीबी" वाचून हुरळून जाऊ नये. दुसरी खोड अशी, की आमच्यासारखे फोनवरून खेळणारे ज्या आवृत्तीचा सर्व्हर लावतात, ती आज्ञावली इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठीच अधिकृतपणे मिळते. एआरएम जातीचे यंत्र स्वस्तात किंवा फुकट मिळाले म्हणून घेतले तर ती सरळ चालत नाही. आमचा कळवेकर असे यंत्र घेऊन दोन रात्री बसला होता. त्याचा पारा त्या दोन रात्री फार चढला.

शेवटी भाडे. पैसे भरून मिळणाऱ्या जागांचे तीन-चार प्रकार आहेत. खास खेळासाठीची तयार जागा घेतली तर बटण दाबले की सर्व्हर चालू, पण आत फार काही बदलता येत नाही, आणि कित्येकदा खेळाडूंच्या संख्येवर भाडे असते. कोरा आभासी सर्व्हर त्याहून स्वस्त पडतो, मात्र सारे आपल्याला शिकून लावावे लागते. मोठ्या कंपन्यांचे तासावारी भाडे म्हणजे रिक्षाचे मीटर. रोज दोनच तास खेळत असाल तर ते स्वस्त पडू शकते. पण यंत्र बंद केले तरी साठवणुकीच्या जागेचे भाडे चालू राहते, बाहेर जाणाऱ्या माहितीचे वेगळे, आणि बंद करायला विसरलात तर महिनाअखेरीस घरी काय सांगणार? अख्खे यंत्र भाड्याने घेणे हे आमच्या ऐपतीबाहेरचे, त्याविषयी मी बोलू नये. आम्ही कोरा सर्व्हर घेतला. महिना ६०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ७०८. सहा जणांत माणशी ११८ रुपये. परदेशी कंपन्या कार्ड मागतात आणि आमच्या घरात तसले कार्ड नाही. ही कंपनी यूपीआयने पैसे घेते, हेही एक कारण होते. लेखात लिहायला लाज वाटते, पण निवड करताना या गोष्टीला वजन असतेच.

कोरा सर्व्हर लावताना मला तीन रविवार लागले. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टंकायच्या, एक अक्षर चुकले की पुन्हा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी अवघड गेले, तिसऱ्या रविवारी गेले नाही. दाराला कुलूप म्हणून परवानगीची यादी लावली. यादीत नाव असलेल्यालाच आत प्रवेश. ती नसेल तर पत्ता कळलेला कुणीही वाडीत शिरून पिंपळ जाळू शकतो. मोठ्या सर्व्हरांवर मुद्दाम कचरा निरोपांचा पूर सोडून दार अडवण्याचे प्रकार होतात आणि त्यापासून संरक्षण देणाऱ्या कंपन्या जादा पैसे घेतात. सहा जणांच्या वाडीला ते आम्ही घेतले नाही. आणखी एक त्रास अनपेक्षित निघाला. फोनवरचा खेळ आपोआप नव्या आवृत्तीवर जातो, सर्व्हर मात्र जुन्यावर राहतो, मग दोघांचे जुळत नाही आणि सहाही जण दाराबाहेर. असे झाले की सगळे मलाच फोन करतात.

राहिला सामानाचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने तोच मोठा. सारे जग म्हणजे शेवटी सर्व्हरवरची एक फोल्डर असते. जागा घेण्याआधी मी कंपनीला एकच पत्र लिहिले होते. पैसे भरायचे थांबलो तर फोल्डर किती दिवस ठेवाल, आणि ती मला कधीही उतरवून घेता येईल का? दोन कंपन्यांनी उत्तर दिले नाही, एकीने दिले. आता रोज पहाटे चारला सर्व्हर स्वतःच नक्कल काढतो. खेळ चालू असताना फोल्डर नुसती उचलली तर अर्धी जुनी, अर्धी नवी, अशी मोडकी नक्कल येते. म्हणून आधी लिहिणे क्षणभर थांबवण्याची आज्ञा द्यावी लागते, नक्कल झाली की पुन्हा सुरू करण्याची. दर रविवारी एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर आणि एक संगमेश्वरला. मुंबई बुडाली तरी कोकणात वाडी राहील, असे संगमेश्वरकर म्हणतो. महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, तेही पाहतो. न उघडणाऱ्या नकलेला नक्कल म्हणत नाहीत.

नव्या जागेत वाडी हलवून आता नऊ महिने झाले. मंडप पुन्हा उभा राहिला, लेण्यांच्या पायऱ्या पूर्वीपेक्षा चांगल्या झाल्या आहेत. नालासोपारकर परत आला आहे. दुकानाच्या जागेवर त्याने अजून काही बांधलेले नाही, नुसत्या चारी बाजूंनी दगडांच्या रेघा आखून ठेवल्या आहेत, आणि तिथे कुणी ठोकळा ठेवलेला त्याला चालत नाही. मागच्या आठवड्यात त्याने मला रविवारची प्रत स्वतःकडेही पाठवायला सांगितले. मी पाठवतो. या महिन्याची वर्गणी कळवेकराची आणि अंबरनाथकराची यायची आहे.